सकाळपासून काय काय पोटात गेलं?

त्या इस्पितळात नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगत. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडते, कँटीनचा चहा दहाच्या आत प्यावा, आणि लिव्हरबाईंच्या कागदावर चुकूनही खाडाखोड करू नये. पहिल्या दोन गोष्टींचा विसर पडला तरी माणूस निभावून जायचा. तिसरीचा पडला तर काही खरं नव्हतं.

बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला थांबतो कोण! पोट, आतडी आणि यकृत यांच्या दुखण्यांवर संशोधन करण्यात बाईंची उमर गेली. त्यातही यकृतावर जीव जास्त, म्हणून नाव पडलं लिव्हरबाई. टेबलावर यकृताचा प्लास्टिकचा नमुना असायचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला. कागद उडू नयेत म्हणून त्यावर ठेवायला तोच. विचारात पडल्या की बाई डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या बरगड्या चाचपत. डबा उभ्यानेच खात. राग तर कायम नाकावर. कुणी अर्धवट फॉर्म आणला की आवाज जिन्याखाली ऐकू जायचा.

पण एक होतं. बाई ओरडत तशा स्वतःलाही सोडत नसत. त्यांचा एक नियम होता. आकडा मनासारखा आला तर दोनदा तपासायचा, मनाविरुद्ध आला तर एकदा तपासला तरी चालेल. "वाईट आकड्याला खोटं बोलायचं काय कारण?" असं त्या म्हणत.

आणि यंदा आकडे मनासारखे आले होते. अगदी कुणाची दृष्ट लागावी असे.

नऊ वर्षं बाई एका औषधाच्या मागे होत्या. यकृताला सूज येत राहिली की हळूहळू त्यात व्रण धरतात, ते कडक होत जातं आणि एक दिवस काम थांबवतं. हे व्रण कमी करणारी गोळी बाईंना हवी होती. यकृत किती कडक झालंय ते मोजायला त्यांच्याकडे एक मशीन होतं. बरगड्यांच्या फटीवर त्याची दांडी टेकवायची, ती बारीक ठोका देते आणि पडद्यावर आकडा येतो. यकृत जितकं कडक, तितका आकडा मोठा. अट एकच, पेशंट निदान तीन तास उपाशी हवा. खाल्लं की यकृताकडे रक्ताचा लोंढा जातो, ते तट्ट होतं, आणि मशीनला बापड्याला वाटतं की हे कडकच आहे.

पेशंट एकशेवीस. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना फक्त पथ्य आणि नेहमीचे उपचार. आता यात एक गंमत आहे. पूर्वीच्या एका प्रयोगात लोक बाहेर बाकावर बसून गोळ्या वाटून घ्यायचे. "मला गुण आला हो, दोन तुम्हीपण घ्या," अशी माणुसकी! बाईंनी ते एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणून या खेपेला त्यांनी दोन्ही गटांचे वारच वेगळे केले. गोळीवाले मंगळवारी, बिनगोळीवाले शुक्रवारी. गाठच पडायची नाही, मग वाटतील काय? या युक्तीचा बाईंना फार अभिमान होता.

दोन वर्षांनी आकडे आले. मंगळवारवाले सरासरी चौदावरून दहावर उतरले होते. शुक्रवारवाले दहावर होते ते दहावरच. सुरुवातीला मंगळवारचा गट जास्त आजारी कसा, हा प्रश्न बाईंना पडला होता, नाही असं नाही. "चिठ्ठ्या टाकून गट पाडले, योगायोगाने जास्त आजारी इकडे आले," असं त्यांनी स्वतःच्याच अक्षरात लिहून ठेवलं होतं. पुढच्या बुधवारी बाहेरची मोठी मंडळी येणार होती आणि बाई त्यांच्यापुढे हे आकडे मांडणार होत्या.

पण बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो त्या बुधवारसाठी नव्हे. तो लागला होता दादासाठी.

दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. कुलपं आणि किल्ल्यांचं दुकान होतं त्याचं. "आयुष्यात थेंब घेतला नाही आणि लिव्हर मात्र अट्टल बेवड्याचं," असं तो स्वतःच सांगून हसायचा. हसता हसता डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठायला लागलं. सर्जननी तपासून स्पष्ट सांगितलं, हे यकृत फार दिवस ओढणार नाही, दुसऱ्याचा तुकडा बसवावा लागेल. दादाची मुलगी, बाईंची भाची, चोवीस वर्षांची. ती त्याच दिवशी पुढे झाली. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. अडून बसला तो दादा.

"माझ्यासाठी पोरीचं पोट फाडायचं? मुळीच नाही. माझ्या बहिणीचं औषध येतंय."

आणि त्याचं तरी काय चुकलं? पहिले आकडे हातात आले तेव्हा हर्षाच्या भरात बाईच त्याला म्हणाल्या होत्या, "दादा, जरा थांब. दोन महिने थांब." तो थांबला. दोन महिन्यांत त्याच्या पायांवर सूज आली. सर्जननी आता निर्वाणीचं सांगितलं होतं, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर ती तारीख दुसऱ्या पेशंटला जाईल आणि पुढच्या तारखेपर्यंत यांची तब्येत ऑपरेशन सोसण्यासारखी राहील असं मी लिहून देणार नाही.

त्या सोमवारच्या आधीचा मंगळवार. शेवटचे चार पेशंट मोजायचे राहिले होते. त्यात एक रंगारी होता, नखांत कायम कुठला ना कुठला रंग. त्याचा आकडा पंधरावरून नऊवर आला होता. बाई खुशीत होत्या. रंगारी शर्ट खोचत उभा राहिला आणि म्हणाला,

"सगळं झकास आहे हो बाई, पण मावशी गेल्या आणि या मजल्याची रया गेली. पूर्वी पहाटे निघून आलो तरी पोटाला आधार असायचा. आता मशीन होईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

मावशी म्हणजे मंगळवारी या मजल्यावर ड्यूटीला असणारी आया. वर्षापूर्वी निवृत्त झाली होती.

"पोटाला आधार म्हणजे?" बाईंनी विचारलं.

रंगाऱ्याने जीभ चावली. "काही नाही, आपलं बोललो."

"सांगा. मी ओरडत नाही."

बाई ओरडत नाहीत हे ऐकून रंगारी आणखीनच घाबरला. पण शब्द निघून गेला होता. "दूध, पाव, उकडलेलं अंडं. कधी दोन अंडी. वॉर्डातला जास्तीचा नाश्ता मावशी ट्रेमधून आणायच्या."

"मशीनच्या आधी की नंतर?"

"आधीच की! नंतर काय, नंतर आम्ही बाहेर जाऊन खाऊच शकतो."

मशीनवाली मुलगी दांडी पुसता पुसता थांबली आणि पुन्हा नको तितकी पुसायला लागली. बाईंनी कपाट उघडून मंगळवारचे सगळे जुने फॉर्म काढले. प्रत्येकावर एक रकाना, "उपाशी", आणि त्यापुढे "हो". साठ फॉर्म, साठ "हो". एकावरही खाडाखोड नाही. इतके स्वच्छ कागद बघून पूर्वी त्यांना समाधान वाटलं असतं. आज त्यांनी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला.

हिशोब सरळ होता. पहिल्या मोजणीला मंगळवारवाले भरल्या पोटी, म्हणून चौदा. मग मावशी निवृत्त झाल्या. दुसऱ्या मोजणीला तेच लोक रिकाम्या पोटी, म्हणून दहा. शुक्रवारी मावशींची ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर, म्हणून ते बिचारे आधीही उपाशी आणि नंतरही उपाशी. मग गोळीने काय केलं? कदाचित काहीच नाही. आणि हे दोन वार कुणी पाडले होते? बाईंनी. कुणी सांगितलं होतं एवढं शहाणपण करायला!

दुपारी बाई मावशींचं घर शोधत गेल्या. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मावशी खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. बाईंना दारात बघून ताट मांडीवरून घसरलं आणि मटार खोलीभर पळाले.

"अगंबाई! तुम्ही? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. बसा." बाई स्वतःच जमिनीवर बसल्या आणि मटार वेचायला लागल्या. "मावशी, मंगळवारच्या पेशंटना तुम्ही खायला घालत होतात?"

मावशींचा चेहरा उतरला. पण खोटं बोलल्या नाहीत. "घालत होते. पहिल्याच मंगळवारी एक बाई जिन्यात भोवळ येऊन पडली, तुम्ही तेव्हा मीटिंगला होतात. चार तासांचा प्रवास करून आलेली, पोटात अन्नाचा कण नाही. एवढी आजारी माणसं, बाई. मी उपाशी माणसाला मशीनखाली कशी पाठवू? वॉर्डात नाश्ता उरायचाच, तो आणायला लागले."

"आणि फॉर्मवर सगळ्यांनी उपाशी म्हणून सांगितलं."

"मीच शिकवलं तसं. म्हटलं, बाईंना कळलं तर माझी खैर नाही, विचारलं की उपाशी म्हणा."

"मला येऊन का नाही सांगितलंत?"

मावशींनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या बाईंकडे सरळ बघून बोलल्या. "तुम्हाला? तुमच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप होती का?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. हातातले मटार त्यांनी ताटात टाकले.

"आणि खरं सांगू," मावशी म्हणाल्या, "तुमची ती मशीनवाली विचारायची, 'उपाशी आहात ना?' असं विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. मी चार पोरं वाढवली, कधी असं विचारलं नाही. 'सकाळपासून काय काय पोटात गेलं?' असं विचारायचं. मग माणूस आठवायला लागतो, आणि आठवता आठवता खरं बोलून जातो." त्या थांबल्या. "बाई, माझं काही चुकलं का हो? कुणाला त्रास झाला का?"

बाई उठल्या. "शनिवारी सकाळी इस्पितळात या," एवढंच म्हणाल्या. "आणि जसं खायला घालत होतात तसंच घाला."

बुधवारी बाईंनी मोठ्या सरांना, म्हणजे विभागाच्या प्रमुखांना, सगळं सांगितलं. सर आधी हसले, मग हसायचे थांबले.

"पाव आणि अंड्यासाठी नऊ वर्षांवर पाणी सोडायचं म्हणता? थोडाफार फरक पडला असेल. सगळाच आकडा काही अंड्याचा नसणार."

"तेच बघायचंय मला, सर. शनिवारी मशीन द्या."

"आणि सगळा अंड्याचाच निघाला तर?"

"तर येत्या बुधवारी तेच सांगेन."

सरांनी खूप वेळ पेनचं टोपण लावलं आणि काढलं. शेवटी मशीन दिलं. मनातून बाईंना सरांचंच म्हणणं खरं ठरायला हवं होतं. कधी नव्हे ते त्या स्वतःशी घासाघीस करत होत्या. चौदाचे दहा झाले, त्या चारपैकी दोन अंड्याचे निघाले तरी चालेल, दोन तरी गोळीचे राहू देत. तीन गेले आणि एक राहिला तरी चालेल. एकाच्या जोरावरही दादाला थांब म्हणता येईल.

शनिवारी मंगळवारच्या गटातले दहा जण बोलावले. या खेपेला प्रश्न बाईंनी स्वतः विचारला, मावशींच्या शब्दांत. नऊ जणांनी आठवून सांगितलं, रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही. दहावी पेशंट आठवायला लागली आणि मध्येच अडखळली. "चहा घेतला," ती म्हणाली, "दुधाचा. आणि दोन बिस्किटं. पण ती काय खाण्यात धरायची?" मशीनवालीने डोळे मिटून घेतले. गेली दोन वर्षं ती किती जणांना "उपाशी आहात ना" विचारत आली होती! त्या पेशंटला तीन तास बाकावर बसवून ठेवलं.

आधी उपाशीपोटी एक आकडा. मग मावशींचा ट्रे. मग पाऊण तासाने दुसरा आकडा. बाई टेबलाशी कागद घेऊन बसल्या, आकडे स्वतःच्या हाताने लिहायला.

पहिला पेशंट, नऊ. खाल्ल्यावर साडेतेरा.

दुसरा, दहा. खाल्ल्यावर चौदा.

रंगारी तिसरा. नऊ. त्याने दोन अंडी, चार पाव आणि पेलाभर दूध संपवलं आणि मिशा पुसत आडवा झाला. पंधरा. दोन वर्षांपूर्वीचा त्याचा आकडा. तोच.

बाईंचं पेन कागदावर टेकून राहिलं. चौथा, पाचवा, सहावा, कुणी साडेतीनने चढला, कुणी पाचने. सातव्याचा आकडा जेमतेम अर्ध्याने वाढला आणि बाई खुर्चीतून उठल्याच. "याचा बघा, याचा नाही वाढला!" असं म्हणताना आवाज चिरकला.

मावशी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "त्याने काही खाल्लंच नाही, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "अंड्याचा वास सहन होत नाही त्याला. नुसतं दूध ओठाला लावलं."

बाई खाली बसल्या.

दहावी पेशंट झाली तेव्हा साडेअकरा वाजले होते. कागदावर दोन रांगा होत्या, सरासरी उपाशी दहा, खाल्ल्यावर चौदा. दुसऱ्यांदा तपासण्यात काही अर्थ नव्हता, हा वाईट आकडा होता. गोळी काहीच करत नव्हती. जे काय केलं होतं ते नाश्त्याने.

मावशी टेबलाशी आल्या. शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे वाचता येत होते. त्यांनी एका रांगेवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. "खाल्लं की वाढतो?"

"हो."

"म्हणजे तेव्हासुद्धा..."

"हो, मावशी."

"मग तुमचं औषध?"

बाईंनी मान हलवली. मावशी ट्रे घेऊन दाराकडे वळल्या. बाईंनी तो काढून घेतला. रडू येत होतं दोघींनाही, पण बाईंना बोलणं भाग होतं, नाहीतर ही बाई हे ओझं घेऊन घरी गेली असती.

"ऐका माझं. तुम्ही उपाशी माणसांना खायला घातलंत, त्यात पाप नाही. वार मी पाडले. फॉर्म मी केला. आणि तुम्ही मला सांगायला घाबरलात, तेही माझंच. कळलं? माझंच."

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि उरलेले पाव कागदात बांधून रंगाऱ्याच्या हातात दिले.

रविवारी सकाळी बाई दादाकडे गेल्या. दादा टेबलाशी किल्ली घासत बसला होता, दुकानात जाण्याचं त्राण नव्हतं तरी हाताला चाळा हवा. पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं. त्याने पिवळे डोळे वर केले.

"ये, बारके. बुधवारची तयारी झाली?"

"दादा, औषध नाही."

"कधी येणार मग?"

"येणार नाही. ते काम करत नाही."

कानस थांबली. "काम करतं म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. चुकले. मोजण्यात घोटाळा झाला आणि मला दोन वर्षं दिसला नाही." बाईंनी त्याच्या हातातली किल्ली काढून बाजूला ठेवली. "मी तुला थांब म्हणाले ना, तो शब्द मी परत घेते. आता एक दिवसही थांबू नकोस. उद्या हो म्हणून सांग."

"आणि पोरीला काही झालं तर?"

"होऊ शकतं. खोटं सांगत नाही. पण शक्यता फार थोडी आहे. आणि तू नाही म्हणालास तर तुझं काय होणार ते मात्र नक्की आहे."

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कधीपासून ते देव जाणे. "बाबा, मी तीन महिने हेच सांगतेय. माझं ऐकलं नाहीत, निदान आत्याचं ऐका."

दादाने किल्ली पुन्हा उचलली, दात्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "आणि तुझी नऊ वर्षं गं?"

इतका वेळ धरून ठेवलेलं बाईंचं अवसान तिथे गळालं. "जाऊ देत रे माझी वर्षं!" त्या ओरडल्याच. "मला तू हवायस!"

सोमवारी दादाने हो म्हटलं.

बुधवारी बाईंनी बाहेरच्या मंडळींपुढे दोन रांगांचा तो कागद ठेवला आणि आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मावशींचा उल्लेख "आमच्या मजल्यावरची दयाळू कर्मचारी" एवढाच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारे डॉक्टर मात्र जाताना थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे मोजतात तेव्हा काय विचारतात, ते मी परत जाऊन बघतो." तेवढाच काय तो त्या दिवसाचा आधार.

तीन आठवड्यांनी ऑपरेशनचा दिवस उजाडला. आधी भाचीला आत घ्यायचं, तिच्या यकृताचा तुकडा काढायचा, मग दादाला. सकाळी साडेसातला भाचीची स्ट्रेचरगाडी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आली. हिरवा गाऊन, केस टोपीत, चेहरा एवढासा. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला बाई. सिस्टर फॉर्म घेऊन आली आणि पेन टेकवून म्हणाली,

"रात्रीपासून उपाशी आहात ना?"

"हो," भाची म्हणाली. सिस्टरने खूण केली आणि गाडीला हात लावला.

प्रश्न तोच, "हो" तसंच झटपट आणि स्वच्छ.

"एक मिनिट थांबा." बाईंनी गाडीचा दांडा धरला. "बाळा, सकाळपासून काय काय पोटात गेलं?"

"काही नाही, आत्या." पण डोळे आईकडे गेले.

आता राग यायला हवा होता, आणि तो आलाही, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. बाईंनी तो गिळला. खाली वाकून, भाचीच्या कानाशी तोंड नेऊन त्या बोलल्या, मावशी ऐकत्या तर त्यांचा विश्वास बसला नसता इतक्या हळू. "मी ओरडणार नाही. तुझ्यावर नाही, आईवर नाही, कुणावरच नाही. नीट आठवून सांग."

भाची आत्याकडे वळली. "दूध. पेलाभर. आणि पाव. दीड पाव."

"किती वाजता?"

"साडेपाचला," असं म्हणून वहिनी भिंतीला टेकल्या आणि रडायलाच लागल्या. "मीच दिलं. पोरगी स्वतःचं पोट कापून द्यायला चाललीय, ताई. तिला उपाशी पाठवू मी? आई आहे मी तिची!"

भूल देणारे डॉक्टर बाहेर आले, ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. भरल्या पोटी भूल दिली तर पोटातलं उलटून वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. धडधाकट माणूस टेबलावरच जातो. त्यांनी सिस्टरच्या हातातला फॉर्म घेतला, त्या खुणेवर काट मारली आणि वेळ दुपारी दीडची लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना एखाद्या कागदावरची खाडाखोड बघून बरं वाटलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाले आणि फॉर्म सिस्टरच्या हातात परत दिला.

दीड वाजता भाची आत गेली, थोड्या वेळाने दादाही. दार मिटलं. बाहेरच्या बाकावर वहिनी हात मांडीत घालून बसल्या होत्या, कुणाच्या नजरेला नजर न देता. बाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"वहिनी, तुम्ही सकाळपासून काय खाल्लं?"

"काही नाही. कालपासूनच घास उतरत नाही."

बाई उठल्या, कँटीनमधून दोन पाव, दोन उकडलेली अंडी आणि दूध घेऊन आल्या आणि वहिनींच्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही खा हो निवांत. तुम्हाला आज कुणी कापणार नाहीये."

वहिनींना हसू फुटलं, आणि हसता हसता हुंदका. दुसरं अंडं बाईंनी स्वतः खाल्लं. बसून.

दोघंही टेबलावरून सुखरूप आली. भाची दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. दादाचं मात्र कठीण होतं. दोन दिवस तो डोळे उघडायचा आणि मिटायचा, कुणाला ओळखलं की नाही ते कळायचं नाही. नवा तुकडा धरतो की नाही, काही नक्की नव्हतं. बाई खुर्ची ओढून तिथेच होत्या. हात पुन्हा पुन्हा स्वतःच्या बरगड्यांवर जात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाने डोळे उघडले आणि बराच वेळ बाईंकडे बघितलं. डोळ्यांतला पिवळेपणा उतरला होता. ओठ हलले. बाईंनी कान जवळ नेला.

"बारके," दादा म्हणाला, "भूक लागलीय गं."

बाई ताडकन उठल्या. सिस्टरला विचारलं, सिस्टरने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून पाहिला आणि सांगितलं, दोन चमचे पातळ दूध द्या, जास्त नाही. बाईंनी चमचा भरला, ओठांपर्यंत नेला, आणि सवयीने तोंडातून निघून गेलंच,

"दादा, सकाळपासून काय काय पोटात गेलं?"

"काही नाही गं बये," दादा म्हणाला, "म्हणून तर मागतोय!"

बाई अशा काही हसल्या की सगळं दूध चादरीवर सांडलं, आणि चमचा पुन्हा भरावा लागला.